गव्हाच्या पिठाचा सावरडो : वाचकांचे प्रश्न

अख्ख्या गव्हाच्या पिठाच्या सावरडोबद्दल (विकतचं यीस्ट न घालता स्टार्टरने आंबवलेला ब्रेड) जे प्रश्न आले, त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. बहुतेकांनी मैद्यासाठी लिहिलेली कृती उचलली, मैद्याच्या जागी गव्हाचं पीठ घातलं आणि कृतीतले तास तंतोतंत पाळले. घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो. कोंडा आणि अंकुर शाबूत असलेलं पीठ पाणी जास्त पितं, लवकर आंबतं आणि आंबल्यावर फार वेळ तग धरत नाही. खालची बरीचशी उत्तरं याच गोष्टीभोवती फिरतात. सोयीसाठी : कोरडं ते पीठ, भिजवलेली ती कणीक, आणि ब्रेड फुगवणारं पीठ-पाण्याचं आंबवण तो स्टार्टर. मापं ग्रॅममध्ये, तापमान सेल्सियसमध्ये.

प्रश्न : पीठ आणि पाणी समसमान घेऊन स्टार्टर लावला. तिसऱ्या दिवशी तो बरणीबाहेर येईल इतका फुगला. पाचव्या दिवसापासून मात्र ढिम्म! एक बुडबुडा नाही. मेला का? फेकून पुन्हा सुरुवात करू?

उत्तर : फेकू नका. तिसऱ्या दिवशी जे फुगलं, त्यात यीस्टचा हात जवळपास नव्हताच. पिठाबरोबर नाना प्रकारचे जिवाणू येतात. त्यांतले ल्युकोनोस्टॉकसारखे काही पहिल्या दोन-तीन दिवसांत झपाट्याने वाढतात आणि भरपूर वायू सोडतात. तेव्हा बरणीला येणारा वास ओळखीचा असेल : नासलेल्या दुधासारखा, नीट न वाळलेल्या कपड्यांसारखा. या मंडळींना आम्ल फारसं सोसत नाही. मिश्रण आंबट होत गेलं की ती मागे पडतात आणि सगळं शांत वाटतं. ही शांतता दोन दिवस टिकते, कधी पाच-सहा दिवसही. याच काळात आम्ल सोसणारे लॅक्टिक जिवाणू जम बसवतात आणि त्यांच्या पाठोपाठ यीस्ट वाढू लागतं. नवशिके नेमके या टप्प्यावर बरणी धुऊन टाकतात.

सुरुवातीपासूनचा क्रम असा ठेवा. काचेच्या उभट बरणीत 30 ग्रॅम पीठ आणि 30 ग्रॅम पाणी कालवा, झाकण सैल ठेवा. (घट्ट झाकण लावलेली बरणी वायूच्या दाबाने फुटू शकते.) चोवीस तासांनी फक्त ढवळा. काही काढू नका, काही घालू नका. अठ्ठेचाळीस तासांनी त्यातलं 30 ग्रॅम ठेवा, बाकी काढून टाका, त्यात 30 ग्रॅम पीठ आणि 30 ग्रॅम पाणी घाला. पुढे रोज एकदा, शक्यतो एकाच वेळी, हेच करा. बुडबुडे दिसत नसले तरी दिवसातून दोनदा खाऊ घालू नका. सुस्त काळात सारखं पीठ-पाणी घातलं तर जेमतेम तयार झालेलं आम्ल पातळ होतं आणि गाडी आणखी मागे जाते. बरणीची जागा 24 ते 28 अंशांची असावी. वीस अंशांत हेच काम तीन आठवडे रेंगाळू शकतं.

पहिल्या दोन दिवसांची घाणेरडी अवस्था टाळायची असेल तर पाण्याऐवजी साखर न घातलेला अननसाचा रस वापरा. तो मुळातच आंबट असतो, त्यामुळे सुरुवातीच्या जिवाणूंना फारसा वाव मिळत नाही. तिसऱ्या दिवसापासून साधं पाणी. ही युक्ती चालते, पण ती नसली तरी काही अडत नाही.

नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर पाणी उकळून गार करून घ्या.

प्रश्न : स्टार्टर तयार झाला हे कसं ओळखायचं? चमचाभर पाण्यात टाकला तर तरंगायला हवा असं वाचलं. माझा बुडतो, पण बरणीत तर चांगला फुगतो.

उत्तर : मग बरणीवर विश्वास ठेवा. तरंगण्याची चाचणी मैद्याच्या स्टार्टरला बऱ्यापैकी लागू पडते. गव्हाच्या पिठाच्या स्टार्टरचा पोत भरड असतो, चमच्याने उचलतानाच निम्मा वायू निसटतो, म्हणून चांगला स्टार्टरही तळ गाठतो.

खरी परीक्षा अशी. पीठ-पाणी घातल्यावर बरणीला बाहेरून रबरबँड लावून पातळी नोंदवा. 30 ग्रॅम स्टार्टरला 30 पीठ, 30 पाणी या प्रमाणात, 25-26 अंशांना, तो चार ते सहा तासांत जवळजवळ दुप्पट व्हायला हवा. सलग तीन दिवस असं झालं की स्टार्टर ब्रेडला योग्य झाला. एकदा फुगला म्हणून लगेच कणीक भिजवायला बसू नका. मैद्याचा स्टार्टर तिप्पट होताना दिसतो, त्याच्याशी तुलनाही नको. कोंड्यामुळे गव्हाचा स्टार्टर पावणेदोन-दुप्पट झाला तरी पुष्कळ.

माथ्याकडे नीट बघा. वर चढत असताना तो घुमटासारखा गोल असतो. शिखर गाठलं की सपाट होतो, आणि उतरायला लागला की मध्यभागी खोलगट पडून बरणीच्या कडांना ओला, पिठूळ माग राहतो. गव्हाच्या ब्रेडसाठी माथा अजून किंचित गोल असतानाच स्टार्टर वापरावा. खोलगट झालेला स्टार्टर ब्रेड फुगवेल, पण सोबत नको तेवढं आम्ल घेऊन येईल. त्याचे परिणाम पुढच्या उत्तरांत आहेत.

प्रश्न : वजनकाटा नाही. एक कप पीठ, एक कप पाणी चालेल का?

उत्तर : नाही. एक कप पाणी साधारण 240 ग्रॅम भरतं, एक कप पीठ 120 ते 140. म्हणजे स्टार्टर पातळ पाण्यासारखा होईल. वायू तयार होईल आणि निघून जाईल, फुगवटा दिसणारच नाही. इतर उपकरणांआधी काटा घ्या, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा.

प्रश्न : स्टार्टरवर काळपट पाणी जमतं आणि नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो. बरणीच्या कडेला पांढरा थरही दिसतो. हे खराब झालंय का?

उत्तर : तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. वरचं करडं-काळपट पाणी आणि नेलपॉलिशचा वास म्हणजे भूक. स्टार्टरने घातलेलं पीठ संपवलं आणि पुढचं खाणं वेळेवर मिळालं नाही. ते पाणी ओतून टाका, 10 ग्रॅम स्टार्टरला 50 ग्रॅम पीठ आणि 50 ग्रॅम पाणी असं भरपेट खायला द्या. दोन-तीन वेळा असं केलं की वास ताकासारखा, किंचित फळासारखा होतो. उन्हाळ्यात 30 अंशांच्या वर हीच तक्रार रोज येत असेल तर 1:1:1 (स्टार्टर : पीठ : पाणी) हे प्रमाण सोडून कायमचं 1:5:5 धरा. किंवा स्टार्टर घट्ट करा : 10 ग्रॅम स्टार्टर, 50 ग्रॅम पीठ, 32 ग्रॅम पाणी. घट्ट गोळा हळू आंबतो.

कडेचा पांढरा थर पातळ, सुरकुतलेला आणि कोरडा असेल तर ते बहुधा पृष्ठभागावर वाढणारं दुसरं यीस्ट असतं. घातक नसतं, पण चव बिघडवतं. खालच्या भागातून स्वच्छ चमच्याने 5 ग्रॅम घेऊन नव्या बरणीत वाढवा. मात्र तो थर केसाळ किंवा लवदार असेल, त्यात हिरवा, काळा किंवा निळा रंग असेल तर ती बुरशी आहे. गुलाबी किंवा नारिंगी रेघ दिसली तरी तोच निर्णय : सगळं फेका. वरचा भाग काढून खालचा वाचवायचा मोह टाळा. बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात.

प्रश्न : 500 ग्रॅम मैदा, 350 ग्रॅम पाणी, 100 ग्रॅम स्टार्टर अशी कृती होती. मैद्याऐवजी पूर्ण गव्हाचं पीठ घेतलं, रात्री भिजवून सकाळी भाजला. ब्रेड बाहेरून विटेसारखा, आतून भरभरीत आणि नको इतका आंबट. कुठे चुकलं?

उत्तर : दोन ठिकाणी. पाणी कमी पडलं आणि वेळ जास्त झाला.

पाण्याचं आधी. कोंडा पाणी शोषतो, पण सावकाश. भिजवताना बरोबर वाटलेली कणीक तासाभराने घट्ट झालेली सापडते, ती यामुळेच. जात्यावर बारीक दळलेल्या पिठात दळताना स्टार्चचे कणही फुटलेले असतात. असं पीठ आणखी पाणी मागतं, आणि फुटलेल्या स्टार्चची साखर लवकर होत असल्यामुळे आंबतंही भरभर. मैद्याला पिठाच्या वजनाच्या 70 टक्के पाणी पुरतं, तिथे गव्हाच्या पिठाला 80 ते 85 टक्के लागतं.

वेळेचं दुसरं. कोंड्यात खनिजं भरपूर, त्यामुळे यीस्ट आणि जिवाणू दोघेही जोरात. उलट ग्लुटेन, म्हणजे कणकेला ताण देणारं गव्हातलं प्रथिन, मात्र नाजूक : कोंड्याचे कण त्याचे पापुद्रे सलग होऊ देत नाहीत आणि अंकुरातलं ग्लुटाथायोन हे द्रव्य त्याला ढिलं करतं. वरून वाढतं आम्ल आणि पिठातली विकरं (एन्झाइम) प्रथिनं तोडत राहतात. रात्रभरात तुमच्या कणकेची जाळी विरघळून गेली. सकाळी ती हाताला ओल्या वाळूसारखी लागली असेल, ओढल्यावर ताणली न जाता तुटली असेल. अशी कणीक कितीही निगुतीने भाजली तरी वीटच होणार.

आता 21 × 11 सेंटीमीटरच्या साच्यासाठी नीट कृती देतो. पहिले पाच-सहा ब्रेड साच्यातच करा. शंभर टक्के गव्हाची कणीक मोकळ्यावर पसरते आणि त्या पसरण्याला पाहून माणूस पुढच्या वेळी पाणी कमी करतो, जे नेमकं उलट आहे.

पीठ 400, पाणी 320, शिखराला आलेला स्टार्टर 80, मीठ 9 ग्रॅम. स्टार्टरमध्ये 40 पीठ आणि 40 पाणी आहे, ते धरून एकूण पीठ 440, पाणी 360, म्हणजे सुमारे 82 टक्के. मीठ 2 टक्के.

पिठात 300 ग्रॅम पाणी घालून कोरडं कुठे राहणार नाही इतपतच कालवा आणि झाकून 45 मिनिटं ठेवा. या वेळात कोंडा भिजून मऊ होतो. खोली गरम असेल तर अर्धा तास पुरे. मग स्टार्टर पसरवा, मीठ भुरभुरा, उरलेलं 20 ग्रॅम पाणी शिंपडून बोटांनी चिमटत मिसळा. सुरुवातीला सगळं चिकट आणि विस्कटलेलं दिसेल. वरून पीठ लावू नका, हात ओले करा. पाच-सहा मिनिटं मळा. सावरडो मळायचा नसतो असं म्हणतात, ते लांबलेल्या मैद्याच्या कणकेबाबत ठीक आहे. इथे वेळ कमी असल्याने ताकद सुरुवातीलाच द्यावी लागते. मळून झाल्यावर कणीक भांड्याला कमी आणि स्वतःला जास्त चिकटते.

त्यानंतर अर्ध्या-अर्ध्या तासाने तीनदा घड्या. ओल्या हाताने कणकेची एक बाजू खालून धरा, ताणून वर उचला, तुटेल असं वाटायच्या आत विरुद्ध बाजूवर टाका. भांडं पाव फेरी फिरवा, पुन्हा तसंच. चार बाजू झाल्या की एक घडी. पहिल्या घडीला कणीक जेमतेम वीतभर ताणली जाते. तिसऱ्या घडीला ती भांड्यात गोळ्यासारखी बसते आणि पृष्ठभाग तुकतुकीत दिसतो. तिसऱ्यांदा घडी घालताना तुटायला लागली तर थांबा, आणखी घड्या घालू नका.

मग हात न लावता ठेवा, 40 ते 50 टक्के फुगेपर्यंत. दुप्पट होण्याची वाट पाहू नका! ओल्या ओट्यावर काढून चौकोन करा, दोन्ही बाजू मध्ये दुमडा, आपल्याकडे ओढत घट्ट गुंडाळी करा, जोड खाली ठेवून तेल लावलेल्या साच्यात बसवा. कणीक साच्याच्या काठाखाली बोटभर राहिली की भाजायची वेळ झाली. 25 अंशांना याला एक ते दीड तास लागतो. ओल्या बोटाने दाबल्यावर खळगा हळूहळू आणि अर्धवट भरून आला तर योग्य. झटकन भरला तर थांबा. भरलाच नाही तर तडक ओव्हनमध्ये टाका, माथ्यावर सुरीने चीर देण्याच्याही भानगडीत पडू नका.

ओव्हन 230 अंशांना तापवलेला असावा. ब्रेड आत गेल्यावर 220 करा, पहिली पंधरा मिनिटं वाफेसह, मग 190 ला आणखी तीस-पस्तीस मिनिटं. मधोमध टोचलेला थर्मामीटर 96 अंश दाखवेल तेव्हा झाला. साच्यातून लगेच काढून जाळीवर ठेवा. आत राहिला तर घामाने बूड ओलं होतं.

प्रश्न : “40-50 टक्के फुगेपर्यंत” हे गोल भांड्यात कळतच नाही. तासांत सांगा ना.

उत्तर : तास सांगतो, पण अंदाजाचे. वरच्या प्रमाणात, मिसळल्यापासून मोजून : 20 अंशांना सात-आठ तास, 25 ला चार-पाच, 30 ला जेमतेम तीन. पाच अंशांचा फरक म्हणजे दीड ते तीन तासांची चूक, हे यावरून दिसेल. म्हणून दोन गोष्टी करा. कणीक मिसळून झाली की तिच्यात थर्मामीटर खुपसा आणि तो आकडा धरा, भिंतीवरचा नाही. खोलीत 31 अंश असतील आणि तुम्ही 18 अंशांचं पाणी घेतलंत तर कणीक साधारण 23-24 वर येते आणि तुम्हाला वर तासभर मिळतो.

दुसरं, पहिल्या घडीच्या वेळी कणकेचा 40 ग्रॅमचा गोळा चिमटून एका अरुंद, सरळ भिंतीच्या पेल्यात दाबून बसवा आणि पातळीवर खूण करा. तळापासून खुणेपर्यंत 4 सेंटीमीटर असतील तर कणीक पावणेसहा सेंटीमीटरच्या आसपास पोचल्यावर मोठी कणीक तयार समजा. पेला मोठ्या भांड्याला चिकटवून ठेवा. ओट्यावर वेगळा ठेवला तर छोटा गोळा लवकर तापतो किंवा लवकर गार होतो आणि फसवतो.

प्रश्न : ब्रेड दिसायला छान, कापल्यावर मात्र खालचा दोन बोटं भाग गच्च आणि चिकट. सुरीलाही लगदा लागतो.

उत्तर : कधी कापला? गव्हाचा ब्रेड कमीत कमी तीन-चार तास, खरं तर दुसऱ्या दिवसापर्यंत, कापू नये. गरम असताना स्टार्च बसलेला नसतो, ओल गाभ्यातून बाहेर यायची असते. पूर्ण थंड झाल्यावर कापूनही चिकट लागला तर बाकीच्या खुणा वाचा.

गच्च पट्ट्याच्या वर मोठी-मोठी भोकं, मध्येच बोगदे, आणि माथा एका बाजूने फाटलेला : कणीक कमी आंबली. हे बहुधा अर्धवट तयार स्टार्टरमुळे होतं. भोकं सगळीकडे बारीक, माथा सपाट किंवा खचलेला, भाजूनही रंग फिका आणि चव आंबट : जास्त आंबली. रंग फिका का, तर कवचाला तपकिरी करणारी साखर आधीच संपलेली असते. आणि आकार, रंग, जाळी सगळं ठीक, फक्त मध्ये ओल : भाजणं कमी पडलं. तेव्हा थर्मामीटर बघा, 96 च्या खाली काढू नका, आणि शेवटची पाच-सात मिनिटं साच्याबाहेर काढून थेट जाळीवर भाजा.

पहिल्या दोन दोषांत माणसं हमखास गल्लत करतात, कारण दोन्हीत ब्रेड बुटका होतो. गव्हाच्या बाबतीत अंदाज करायचाच तर आधी “जास्त आंबली” यावर बोट ठेवा.

प्रश्न : घरच्यांना आंबट चव आवडत नाही. सोडा घालू का?

उत्तर : सोडा नको, चव साबणासारखी होते. गव्हाच्या कोंड्यातली खनिजं आम्लाला काही काळ झेलून धरतात, त्यामुळे जिवाणू जास्त वेळ आम्ल बनवत राहतात. म्हणून हा ब्रेड मुळातच मैद्याच्या सावरडोपेक्षा आंबट. कमी करायचा तर स्टार्टर चढत असतानाच घ्या आणि प्रमाण वाढवा : 80 ऐवजी 130 ग्रॅम, तेवढ्या हिशोबाने पीठ 375 आणि पाणी 295. ऐकायला उलटं वाटेल, पण स्टार्टर जास्त म्हणजे आंबायला वेळ कमी, आणि आम्ल वेळेबरोबर साठतं. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवणंही टाळा. ज्यांना आंबटच हवा त्यांनी साच्यात भरलेली कणीक 4 अंशांना आठ ते दहा तास ठेवावी आणि तशीच गार भाजावी.

प्रश्न : झाकणाचं जाड बिडाचं भांडं नाही, ओव्हनही लहान आहे. वाफ कशी करायची?

उत्तर : साच्याएवढाच दुसरा साचा उपडा घालून पंधरा मिनिटं झाका. कणकेतली वाफ आतच कोंडते, वेगळं पाणी लागत नाही. लहान ओव्हनमध्ये वरचं कॉइल जवळ असतं, कवच लवकर धरतं आणि ब्रेड वाढायचा थांबतो. उपडा साचा त्यावरही उपाय. दुसरा साचा नसेल तर खालच्या फळीवर पसरट धातूच्या भांड्यात कपभर उकळतं पाणी ठेवा. ओतताना दाराच्या काचेवर थेंब पडू देऊ नका, तापलेली काच तडकते.

प्रश्न : शंभर वर्षं जुना स्टार्टर विकत मिळतो म्हणे. चवीत फरक पडतो का?

उत्तर : आठवडाभर पडेल. पुढे तुमचं पीठ, तुमच्या खोलीचं तापमान आणि तुमची वेळ, यांनाच मानवणारे जीव बरणीत टिकतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या सावरडोवर 1971 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात एका जिवाणूचं वर्णन आलं आणि शहरावरून त्याला सॅनफ्रान्सिसेन्सिस हे नाव मिळालं. तो तिथलाच खास असेल असं लोकांना वाटे. नंतर तो जगभरच्या सावरडोंत सापडला. पैसे काट्यावर आणि थर्मामीटरवर खर्च करा.

प्रश्न : घरात एकाला सीलिअॅक (ग्लुटेन न चालण्याचा आजार) आहे. सावरडोमध्ये ग्लुटेन पचून जातं असं ऐकलं, मग चालेल ना?

उत्तर : अजिबात नाही. आंबवल्याने ग्लुटेनचा काही भाग तुटतो, पण घरच्या गव्हाच्या सावरडोमध्ये उरतं तेवढं सीलिअॅक असलेल्याला अपाय करायला पुरेसं असतं. त्या व्यक्तीच्या ताटाजवळ गव्हाचं पीठ उडणार नाही हेही पाहा. कोंड्यातल्या, खनिजं अडवून धरणाऱ्या फायटिक आम्लाचं प्रमाण आंबवल्यावर घटतं आणि लोह, जस्त शरीराला जास्त मिळू शकतं, हा फायदा खरा आहे. पण तो ज्यांना गहू चालतो त्यांच्यासाठी.

प्रश्न : रोज स्टार्टर काढून टाकताना जीव तुटतो. आणि महिनाभर बाहेरगावी जायचं असेल तर?

उत्तर : पहिल्या आठवड्यातलं फेकाच, त्यात कोणते जीव आहेत याचा भरवसा नसतो. स्टार्टर स्थिर झाल्यावर काढलेला भाग फ्रीजमध्ये झाकून आठवडाभर साठवा आणि तव्यावर किंवा ओव्हनमध्ये भाजायच्या कुठल्याही पिठात घाला. कच्चा चाखू नका. कच्च्या पिठात आजार करणारे जिवाणू असू शकतात. खरं तर काढायला लागावं इतका स्टार्टर ठेवायचाच कशाला? बरणीत 20 ग्रॅम पुरतो. ब्रेडच्या आदल्या रात्री 15 ग्रॅमला 40 पीठ, 40 पाणी घाला, सकाळी 80 ग्रॅम वापरा, तळाशी उरलेल्या 15 ग्रॅमला थोडं पीठ-पाणी देऊन तासाभराने फ्रीजमध्ये ठेवा. आठवड्यातून एकदा खायला द्या.

महिनाभरासाठी घट्ट गोळा करा : 10 ग्रॅम स्टार्टर, 60 पीठ, 32 पाणी. मळून, फुगायला लागायच्या आत फ्रीजमध्ये. परतल्यावर वर काळपट पाणी किंवा करडी साय दिसली तर ती बाजूला करून मधला भाग घ्या, बाहेर ठेवून दोन-तीन वेळा खाऊ घाला. जास्त दिवस जाणार असाल तर शिखराला आलेला स्टार्टर बेकिंग पेपरवर कागदाइतका पातळ फासा, सावलीत एक-दोन दिवस वाळू द्या. कुडकुडीत झाला की चुरून हवाबंद डबीत भरा. उन्हात किंवा ओव्हनमध्ये घाई केलीत तर यीस्ट मरेल, 40 अंशांच्या वर जाऊ देऊ नका. परत आल्यावर 10 ग्रॅम चुरा 20 ग्रॅम कोमट पाण्यात विरघळू द्या, 10 ग्रॅम पीठ घाला आणि तीन-चार दिवस नेहमीसारखं चालू ठेवा.

प्रश्न : ब्रेड फ्रीजमध्ये ठेवला की दुसऱ्या दिवशी भुसा होतो.

उत्तर : फ्रीजच्या तापमानालाच स्टार्च सर्वांत लवकर शिळा पडतो. खोलीत, कापलेली बाजू खाली करून लाकडी फळीवर, वर सुती कापड. आंबटपणामुळे बुरशी थोडी उशिरा धरते, दमट हवा नसेल तर तीन-चार दिवस सहज जातात. उरलेल्याचे पूर्ण गार झाल्यावर काप करून फ्रीझरमध्ये टाका आणि लागेल तसा काप गोठलेलाच टोस्टरमध्ये घाला.